लेस म्हणजे मुळात फास

नेकलेस या शब्दाचं सरळसोट मराठी करून बघा. नेक म्हणजे गळा, आणि लेस म्हणजे, गंमत इथेच आहे, लेस म्हणजे मुळात फास. झाला गळफास! सोळाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत हा शब्द जुळला तोवर लेसचा अर्थ बराच मवाळ होऊन नुसती दोरी, गोफ असा झाला होता हे मान्य, पण फासाचा अर्थही तेव्हा पुरता मेला नव्हता. आता आपल्याकडे सोनाराच्या दुकानात जाऊन कुणी "दोन तोळ्यांचा गळफास दाखवा" म्हणणार नाही (सध्याचा भाव बघता म्हणायला हरकत नाही खरं तर), पण इंग्रजीत लोक पिढ्यान्‌पिढ्या तेच म्हणतायत आणि कुणाला काही वाटत नाही. शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाला की त्याची धार बोटाला लागत नाही.

मला हे सगळं खणायची हौस लागली ती गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात. आमच्याकडे घरात मराठी आणि बाजारात कोंकणी असा कारभार असतो. मी दुकानात विचारलं, "लेस आसा?" तर दुकानदार म्हणतो, "खंयची? बुटाची काय परकराची?" मी म्हटलं ब्लाउजची. तेवढ्यात माझ्या कोपराखालून एक पोरगा पुढे घुसला आणि म्हणाला, "म्हाका लेस, धा रुपयांचें." त्याला वर टांगलेली बटाट्याच्या वेफर्सची पाकिटं हवी होती. आणि बिल करताना दुकानदाराने वर लिहिलं, लेस दहा टक्के. म्हणजे एका काउंटरवर चार लेस! वेफर्स आणि डिस्काउंट सोडून द्या, ते उच्चाराचे योगायोग आहेत, जसा आपला लेशमात्रमधला लेश. पण बुटाची लेस आणि ब्लाउजची लेस हे मात्र खरंच एकच आहेत, आणि याचा मी आधी कधी विचारच केला नव्हता. एक आहे साधी दोरी, दुसरी आहे नाजूक जाळीदार पट्टी. एक बांधायला, एक मिरवायला. दोघींना एकच नाव कसं काय?

तर मूळ लॅटिन शब्द आहे लाक्वेउस. म्हणजे फास, सापळ्याचा फास, पक्षी किंवा ससा त्यात पाय घालतो आणि तो जितका ओढतो तितका फास घट्ट होतो तो. आपल्याकडे फासेपारधी हे नावच या कसबावरून पडलंय, तितर-लाव्हे धरायला जमिनीलगत फासांची ओळ लावायची, अगदी तेच रोमन लोकांचं लाक्वेउस. त्यावरून इटालियनमध्ये लाच्चो झालं, स्पॅनिशमध्ये लासो, जो पुढे अमेरिकेत जाऊन काउबॉयच्या हातातला लॅसो झाला, फ्रेंचमध्ये लासे म्हणजे बुटाची नाडी, आणि पोर्तुगीजमध्ये लासु, ज्याचा अर्थ फास पण होतो आणि केसांच्या रिबिनीचा बो पण होतो. जुन्या फ्रेंचमधून तो शब्द नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडात आला, आणि तेराव्या-चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत लेस म्हणजे जाळं, फास, दोरी असं सगळं एकत्रच नांदत होतं. नाजूक कापडाचा त्यात पत्ताच नव्हता.

मग दोरीचा अर्थ पुढे का सरकला? कारण कपडे. बटणं सर्रास वापरात येण्याआधी युरोपात अंगावरचं जवळजवळ सगळं बांधलेलं असायचं. बाह्या खांद्याला बांधायच्या, पायातले मोजे कमरेशी बांधायचे, बायकांची चोळी पुढून नाहीतर मागून भोकाभोकातून दोरी ओवून आवळायची. त्या दोरीच्या टोकाला धातूची बारीक टोपी असायची म्हणजे ओवताना धागे पिंजत नाहीत, आजही बुटाच्या लेसच्या टोकाला प्लास्टिकची जी नळी असते ती त्या टोपीचीच नात. आणि ती टोपी निघाली की काय होतं ते शाळेत जाणारं पोर घरात असलेल्या प्रत्येकाला माहितीये, सकाळी सात वाजता थुंकी लावून लावून टोक वळायचं आणि रिक्षावाला बाहेर हॉर्न मारतोय. इंग्रजीत सोवळ्या, ताठर माणसाला स्ट्रेटलेस्ड म्हणतात तेही इथलंच, म्हणजे ज्याची दोरी फार घट्ट आवळलेली आहे असा.

आपल्याकडे याला समांतर शब्द आहे नाडी, आणि मला विचाराल तर तो लेसपेक्षा कितीतरी श्रीमंत आहे. परकराची नाडी, हाताची नाडी, नाडीपरीक्षा, नाडीभविष्य, लग्नात पत्रिका जुळवताना एकनाड, आणि पेपरात रोज "आर्थिक नाड्या आवळल्या". या शेवटच्यात परत तो फास आहेच बघा. धुतलेल्या परकरातून नाडी निसटून आली की ती परत ओवायची म्हणजे केवढा उपद्व्याप, एका टोकाला सेफ्टीपिन लावायची, नेफ्यात घालायची, आणि बाहेरून बोटांनी चाचपत चाचपत पुढे सरकवायची, मध्येच ती पिन आत उघडते आणि मग सगळं मुसळ केरात. आमच्याकडे आई जुन्या टूथब्रशच्या दांडीला भोक असायचं त्यात नाडी अडकवून ओवायची. हल्ली टूथब्रशला ते भोक नसतं, का काढलं कोण जाणे.

असो. दोरीवरून जाळीवर कसे आलो ते बघू. मधला टप्पा आहे फीत. साधी दोरी होती ती गोफासारखी विणली, मग त्यात सोन्याचांदीची तार घातली, मग ती बांधायला न वापरता नुसती कपड्याच्या काठावर शिवायला लागले. तिलाही लेसच म्हणत. सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या कोटावरची सोनेरी पट्टी म्हणजे गोल्ड लेस, आणि ती पाहायला लांब जायला नको, आपल्या इथे लग्नात वाजवणाऱ्या बँडवाल्यांच्या लाल कोटावर, खांद्यावर, मनगटावर तीच असते, अर्ध्या ठिकाणी सुटून लोंबत असते ती गोष्ट वेगळी. म्हणजे दोरीचं काम गेलं, शोभा राहिली. दारूचा पेग घातलेल्या कॉफीला इंग्रजीत लेस्ड म्हणतात तेही या शोभेवरूनच आलं, सतराव्या शतकात आधी कॉफीला साखरेची "लेस" लावायचे, मग दारूची. गोव्याच्या इंग्रजी पेपरात हल्ली हा शब्द दिसतो तो मात्र ड्रग्जच्या बातम्यांत.

आणि मग सोळाव्या शतकात इटलीत, मुख्य म्हणजे व्हेनिसमध्ये, एक भन्नाट गोष्ट झाली. त्याआधी काय करत, तर चांगलं विणलेलं लिननचं, म्हणजे जवसाच्या धाग्यांचं कापड घेऊन त्यातले काही धागे ओढून काढत, काही कापत, आणि उरलेल्या धाग्यांवर टाके घालून चौकोनी खिडक्या सजवत. त्या कामाचं नाव रेतिचेल्ला, म्हणजे छोटं जाळं, परत जाळंच! मग कुणाच्या तरी डोक्यात आलं असणार की एवढं कापड विणायचं आणि मग त्यातलं बरंचसं काढून टाकायचं, तर मुळात कापड हवंय कशाला? त्यांनी कातड्यावर नक्षी काढली, खाली दोन पदरी कापड लावलं, नक्षीच्या रेषांवर जाड दोरा ठेवून तो मधून मधून बारीक टाक्यांनी खाली बांधला, आणि मग सुईने त्या दोऱ्यांवर, दोऱ्यादोऱ्यांच्या मध्ये, टाक्यात टाका अडकवत सगळी नक्षी भरली. खालच्या कातड्यात किंवा कापडात सुई घालायचीच नाही, सगळं वरच्या वर. शेवटी खालच्या दोन पदरांच्या मध्ये कात्री घालून ते बांधलेले टाके कापायचे की नक्षी अलगद सुटून हातात येते. कापडाशिवायची भरतकामाची नक्षी, हवेत उभी. त्याला त्यांनी नाव दिलं पुंतो इन आरिया, हवेतला टाका. नाव ठेवावं तर असं!

आता त्यात टाका कुठला, तर काजाचा. शर्टाच्या बटणाचं भोक उसवू नये म्हणून टेलर जो टाका घालतो, दोऱ्याचा फास करून त्यातून सुई बाहेर काढायची आणि ओढायची, तोच. राजाराण्यांच्या कॉलरी, कार्डिनलचे झगे, ज्या लेसपायी लोकांनी इस्टेटी उडवल्या ती सगळी सुईची लेस म्हणजे जवळ जाऊन बघितलं तर काजामागून काज, हजारो बारीक फास एकमेकांत अडकलेले. त्यामुळे इंग्रजीने लेस हे नाव ठेवलं त्यात नकळत का होईना, खरं बोलून गेले ते. फ्रेंचांनी तिला दांतेल म्हटलं, म्हणजे इवलेसे दात, कारण काठाला दाते असतात. जर्मनांनी श्पित्से, म्हणजे टोकं. स्पॅनिश लोक एन्काखे म्हणतात, मध्ये बसवलेली. तिघांनी ती बाहेरून जशी दिसते, जशी बसते ते बघितलं. फक्त इंग्रजी शब्दात ती आतून कशी बनते ते राहिलंय.

आणि काज हा शब्द मूळचा पोर्तुगीज. काझा म्हणजे घर, बटणाचं घर. फीत पण पोर्तुगीज, फिता. इस्त्री पोर्तुगीज. शिंपीकामातला एवढा ऐवज आपल्या मराठीत या गोव्याच्या वाटेने आला आणि पुण्यामुंबईच्या लोकांना त्याची गंधवार्ता नसते, ते "लाल फीत" म्हणून सरकारला शिव्या देतात तेव्हा अर्धी शिवी पोर्तुगीजमध्ये देत असतात. लेसला मात्र पोर्तुगीज शब्द आहे रेंदा. आमच्या शेजारच्या आंटी त्याला रेंदच म्हणतात. मराठीने तो घेतला नाही, आपण इंग्रजांची लेस घेतली, का ते सांगता येणार नाही, पण वाईट वाटतं थोडं, कारण रेंद हा शब्द काय छान वाजतो.

या रेंदाला पोर्तुगीजमध्ये एक जुळा भाऊ आहे, दिसायला हुबेहूब पण आईबाप वेगळे. तो दुसरा रेंदा म्हणजे खंड, भाडं, उत्पन्न. त्याच्यावरून रेंदेरो म्हणजे खंडाने घेणारा, आणि त्यावरून आपला रेंदेर, माडाची सूर, म्हणजे माडी, काढणारा. रेंदेर माडावर चढून पोय, म्हणजे माडाचा न उमललेला तुरा, फुटू नये म्हणून तिला दोरीने वेढे देऊन गच्च आवळतो आणि मग टोक कापत कापत थेंब थेंब सूर गोळा करतो. म्हणजे ज्याच्या नावाचा लेसशी काही संबंध नाही तो माणूस रोज सकाळसंध्याकाळ माडावर बसून शब्दशः लेसिंग करत असतो. हे मला कळलं तेव्हा मी एकटीच बराच वेळ हसत होते, घरच्यांना सांगितलं तर कुणाला काही विशेष वाटलं नाही.

पोर्तुगीजांची एक म्हण आहे, ओंद आ रेदेश, आ रेंदाश. जिथे जाळी, तिथे लेस. पोर्तुगालच्या किनाऱ्यावरची पेनिशे, विला दो कोंद ही गावं मासेमारीची, आणि तीच बिल्रुशच्या लेसची. बिल्रुश म्हणजे लाकडी चाती. उशीवर नक्षीचा कागद, त्यावर टाचण्या, आणि डझनावारी चाती लोंबकळतायत, त्यांची अदलाबदल करत आणि पीळ देत विणायचं. पुरुष समुद्रावर, बायका दारात उशी घेऊन. म्हणीत यमक आहे म्हणून ती टिकली असेल, पण त्यात तथ्यही आहे, कारण लेसचा एक प्रकार तर खरोखरच मासेमारीच्या जाळ्याचा आहे. त्याला फिले म्हणतात, किंवा लासी, म्हणजे बघा हाही लाक्वेउसच्याच घराण्यातला. आधी गाठी मारून चौकोनी जाळं करायचं आणि मग त्यातली काही घरं दोऱ्याने भरायची, तशी नक्षी तयार होते. ते जाळं करायला लागतात दोनच वस्तू, चपटी सुई जिच्या पोटात दोरा गुंडाळून ठेवता येतो, आणि एक पट्टी, जिच्यावरून दोरा फिरवला की प्रत्येक घर सारख्या मापाचं येतं.

कोळवा-बाणावलीच्या बाजूला संध्याकाळी होड्यांच्या सावलीत बसून जाळं दुरुस्त करणारे लोक तुम्ही पाहिले असतील, टुरिस्ट त्यांचे फोटो काढतात आणि पुढे जातात. फोटो नका काढू, हातांकडे बघा. पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरलेलं, उजव्या हातात ती चपटी सुई, आता प्लास्टिकची असते, फाटलेल्या घराच्या कडेत खालून सुई घालायची, अंगठ्याने दोरा दाबायचा, वरून एक वेढा टाकायचा, सुई मागून काढायची, ओढायची. गाठ बसते त्याचा बारीकसा आवाज येतो, नायलॉनचा. ती गाठ आणि व्हेनिसच्या बाईने रेशमी किंवा लिननच्या दोऱ्यावर मारलेली फिलेची गाठ एकच आहे. फरक दोऱ्याच्या जाडीचा. आणि अर्थात कोण किती पैसे देतो त्याचा. एका जाळ्यात बांगडे येतात, दुसऱ्यात गिऱ्हाईक. जाळी विकतच्या मिळायला लागल्या, किनाऱ्यावरून ओढायच्या रापणी कमी झाल्या, ट्रॉलर आले, ते सगळं खरं, पण फाटलेलं घर अजून हातानेच सांधावं लागतं.

गोव्यात मी लहानपणापासून जी लेस पाहिली ती मात्र सुईची किंवा चातींची नव्हे, क्रोशाची. ती सगळ्यांकडे असायची. आमच्याकडे टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, त्यावर प्लास्टिकचा फ्लॉवरपॉट, दारावर मोरांचं तोरण. आंटींकडे ओरातोरखाली, म्हणजे देवाच्या लाकडी कपाटाखाली, लांब पट्टी, टोकाला झालर. क्रोशाचे टाके आमच्या आत्याने शिकवले, साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. मुका खांब काय नाव आहे! बुटका, घट्ट, त्याच्यातून आरपार काही दिसत नाही, म्हणून मुका असेल. आणि क्रोशात तर फास लपलेलाच नाही, पहिली कृतीच ती आहे, दोऱ्याचा सरकफास करून आकड्यावर चढवायचा. त्यातून पुढचा फास ओढायचा, त्यातून पुढचा. शेवटचा फास नीट बंद केला नाही आणि टोक कुणी ओढलं तर सगळी पट्टी सरसर उसवून परत दोऱ्याचा गुंडा. आत्या म्हणायची भोकं सारखी आली पाहिजेत, दोरा कसाही चालेल. पोळे, म्हणजे घावन, घालताना आई तेच म्हणते, जाळी पडली पाहिजे.

पोर्तुगीज काळात नन्सच्या शाळांतून मुलींना भरतकाम, विणकाम शिकवायचे, आणि त्याचं पहिलं गिऱ्हाईक चर्च. जुन्या गोव्यात सांता मोनिकाचा मठ आहे, १६०६ मध्ये सुरू झालेला, तिथे आता ख्रिस्ती कलेचं म्युझियम आहे, त्यात पाद्रींची जरीकामाची जुनी वस्त्रं ठेवलीयत, वेळ काढून बघा. अल्ताराच्या, म्हणजे वेदीच्या, पांढऱ्या कापडाचा काठ, पाद्रीच्या पांढऱ्या झग्याची झालर, बाप्तिस्म्याचा बाळाचा झगा, नवरीचा व्हेल, सगळीकडे लेस. आणि आमच्या बाजूला देवाच्या वस्त्राला सोनेरी लेस, पालखीच्या छताला लेस, चवथीच्या मखराला लेस. मडगावच्या मार्केटमध्ये एकाच दुकानात एकाच काउंटरवर व्हेलची आणि मखराची लेस एकाच फूटपट्टीने मोजून देतात. मखराला ती मीटरभर सोनेरी लेस चिकटवताना आपण कधी वर बघत नाही, पण तिथे बसलेल्याच्या एका हातात काय आहे? पाशमंकुशधारिणम्. अथर्वशीर्ष सगळ्यांना पाठ असतं. पाश आणि फास एकाच घरातले. म्हणजे देवाच्या हातात मूळची लेस आणि मखराला नंतरची. मला तरी हे फार आवडलं, आता दर चवथीला आठवणार. पोर्तुगीजमध्ये लग्नालाही एन्लास म्हणतात, त्यातही तोच लासु, आणि आपलं लग्न तरी काय, लग् धातूवरून, म्हणजे चिकटलेलं. आपल्याकडे माणूस लग्नाच्या बेडीत अडकतो, त्यामानाने पोर्तुगीजांनी रिबिनीवर भागवलंय.

मार्केटमधली ही मीटरने मिळणारी लेस मशीनची. जॉन हीथकोट नावाच्या इंग्रजाने १८०८-०९ मध्ये षटकोनी घरांची जाळी विणणारं यंत्र काढलं. १८१६ मध्ये लफबरो गावातल्या त्याच्या कारखान्यात रात्री लोक घुसले आणि ५० हून जास्त यंत्रं हातोड्यांनी फोडली, त्यांना इतिहास लडाइट म्हणतो. हीथकोट गाशा गुंडाळून लांब डेव्हनमध्ये टिव्हर्टनला गेला आणि तिथे परत सुरू केलं. त्याच जाळीच्या मग मच्छरदाण्याही झाल्या, म्हणजे आपण रात्री गादीखाली खोचतो ती मच्छरदाणी ही नवरीच्या व्हेलची गरीब चुलत बहीण. फरक एवढाच की हिच्यात सापडायचं आपण, अडकायचं डासांनी बाहेर. आमच्याकडच्या डासांना हे कुणी सांगितलेलं नाही.

लेसबद्दल लिहिणारे लोक सहसा इथवर राणीबिणीचं सांगून थांबतात, व्हिक्टोरिया राणीने १८४० मध्ये लग्नात हॉनिटनची लेस घातली वगैरे. मला त्यात फार रस नाही. माझ्या डोक्यात राहिलं ते ब्रसेल्सचं तळघर. लिननचा अतिबारीक दोरा कोरड्या हवेत तुटतो म्हणून तो दमट तळघरात कातायचे, उजेड एकाच झरोक्यातून, बाईने मान खाली घालून तासन्‌तास बसायचं. आणि दुसरं आपल्या जवळचं, आंध्रातलं नरसापूर. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशा शिकवला, आणि पुढे हजारो घरांत तो पसरला. मारिया मीस नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथे राहून अभ्यास केला. त्यांना दिसलं ते असं, की माल परदेशी जातोय, निर्यातदार आणि व्यापारी पुरुष, विणणाऱ्या बायका, आणि या बायकांना कुणी कामगार म्हणतच नाही. त्या घरीच तर असतात, गृहिणी आहेत, फावल्या वेळात विणतात, असं. फावला वेळ म्हणजे दिवसाचे सहा-सात-आठ तास! आणि कामगार नाही म्हटल्यावर किमान मजुरी नाही, संघटना नाही, काही नाही. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, चांगलंच झालं, पण ते मालाला मिळालं. मला विचाराल तर लेस या शब्दातला फास कुठे शिल्लक असेल तर तो या "फावल्या वेळात"मध्ये आहे. नाजूक, बायकी, टाइमपास, असे शब्द लावले की मजुरीचा प्रश्नच निघत नाही.

हे आपल्या गोव्यातही आहेच. किनाऱ्याकडच्या एका बुटिकवाल्या बाई आंटींकडे आल्या होत्या, गाडी लांब लावून, सँडल हातात घेऊन (पाऊस होता). त्यांना क्रोशाची चार इंच रुंद पट्टी हवी होती, ड्रेसच्या खालच्या घेराला. "मीटरला कसं घेता?" असं विचारलं त्यांनी. आंटींनी एक पट्टी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या मोज. बाई म्हणाल्या काय मोजू, लांबी? आंटी म्हणाल्या, खांब मोज. त्यांनी पाच-सहा इंच मोजायचा प्रयत्न केला, मध्येच चुकल्या, परत सुरू केलं, आणि मग हसून म्हणाल्या की तुम्हीच सांगा. आंटींनी सांगितलेला आकडा ऐकून त्या म्हणाल्या, एवढ्यात तर मला मशीनची अख्खी थान मिळेल. "मागीर ती घे," आंटी म्हणाल्या, अजिबात न रागावता, आणि त्यांना चहा दिला.

चर्चच्या फेस्तासाठी अल्ताराच्या कापडाचा काठ मात्र त्या फुकट करतात, दरवर्षी, त्याला त्या कामही म्हणत नाहीत. मी एकदा त्यांना नरसापूरचं सगळं सांगितलं, मीस बाईंचं, फावल्या वेळाचं. ऐकून घेतलं. मग चष्मा काढून डोळे चोळत म्हणाल्या की ते सगळं बरोबर आहे, पण देवाला बिल कोण पाठवतं, आणि बुटिकला कमी का करायचं. दोन्ही दर त्यांच्या डोक्यात पक्के आहेत, एक शून्य आणि एक भरपूर, मधला भाव त्यांच्याकडे नाहीच.

सध्या त्यांचं काम अडलंय दोऱ्यावाचून. चाळीस नंबरचा दोरा फोंड्यात कुठल्याच दुकानात नाही, सगळे वीसचा दाखवतात, तो जाड, त्याची जाळी भरभरीत येते. मी शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाणार आहे म्हटल्यावर त्यांनी रिकामी रीळ आणून दिली, वरचं लेबल नीट राहिलेलं, दुकानदाराला दाखवायला. गेटपर्यंत गेले तर मागून हाक आली, "धवें (पांढरं) नाका गो बाय, हाफ-व्हाइट हाड (आण)!"